मुखवट्यामागचा माणूस ओळखायचा कसा?

(विहाराच्या वर्धापनदिनी चिचगड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. राईस मिलमध्ये धान भरडाईचे काम करणारा माणूस आहे. शाळा दहावीपर्यंत, पुढचे जे काही ते ग्रंथालयातून आणि रात्रीच्या दिव्याखाली. विहार समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला धम्मचक्रावर बोलायचे नाही, त्यावर भन्तेजी माझ्यापेक्षा चांगले बोलतील. मला एका विशिष्ट प्रकारच्या माणसाविषयी बोलायचे आहे. तो माणूस गोड बोलतो, हसून बोलतो, आपल्या दुःखाची विचारपूस करतो, आणि आतून त्याला आपल्या दुःखाचे काहीही नसते. इंग्रजीत अशा माणसाला सायकोपॅथ म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द नाही. 'मनोविकृत' म्हणतात, पण तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर केस पिंजारलेला, कपडे फाडलेला माणूस येतो. आणि घोटाळा तिथेच होतो.

देवरीच्या बसस्टँडवर एखादा वेडसर पोरगा स्वतःशी बोलत बसलेला असतो. त्याला पाहिले की आयाबाया लेकरांना जवळ ओढतात. टवाळ पोरे त्याला खडे मारतात. तो बिचारा आजारी आहे. त्याला औषध पाहिजे, भाकरी पाहिजे, त्याच्यापासून कोणाला क्वचितच धोका असतो. उलट त्यालाच आपल्यापासून धोका असतो. आपल्या या जंगलपट्ट्यात एखाद्या एकट्या म्हातारीला जादूटोणा करते म्हणून मारणारे लोक आहेत. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. म्हणजे पाहा, जिच्यात काही दोष नाही तिला आपण डाकीण ठरवतो, आणि जो खरोखर आपले घर बुडवणार असतो त्याला खाटेवर बसवून चहा देतो. दुधाचा. स्वतः काळा पिऊन.

हर्वे क्लेक्ली नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९४१ साली एक पुस्तक लिहिले, 'द मास्क ऑफ सॅनिटी'. म्हणजे शहाणपणाचा मुखवटा. त्यांच्या रुग्णालयात काही माणसे अशी येत की त्यांना भास होत नसत, भ्रम नसे, बुद्धी चांगली असे, बोलणे तर इतके लाघवी की नवखा डॉक्टरसुद्धा फसावा. पण त्यांना खोटे बोलल्याची लाज वाटत नसे, कोणाचे वाटोळे केल्याचा पश्चात्ताप होत नसे, आणि प्रेम ही काय वस्तू आहे हे त्यांना ठाऊकच नसे. क्लेक्ली यांनी हेही सांगितले की यातले बहुतेक खुनी नसतात. ते तुमच्याआमच्यात राहतात. नंतर कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि अशा स्वभावाची २० लक्षणांची मोजपट्टी तयार केली. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण ४०. त्यांच्या देशात ३० किंवा त्याहून जास्त गुण झाले तर सायकोपॅथ धरतात. या मोजपट्टीतले पहिलेच लक्षण कोणते आहे? मारामारी नाही, चोरी नाही. पहिले लक्षण आहे वरवरचा गोडवा आणि जिभेची सफाई. साध्या लोकवस्तीत शंभरात एखादा असा असावा असा हेअर यांचा अंदाज आहे. तुरुंगात हे प्रमाण पुष्कळच जास्त.

अशा माणसाला दुसऱ्याचे दुःख समजत नाही असे नाही. चांगले समजते. आपल्यापेक्षा जास्त समजते. फक्त त्याला ते लागत नाही. तुमच्या पायात काटा गेला तर मला माझ्या अंगावर शहारा येतो. त्याला येत नाही. पण तुम्ही लंगडता हे तो बरोबर हेरतो, आणि लंगडणाऱ्याला कुठे धक्का दिला म्हणजे तो पडेल हेही त्याला कळते. हे कशामुळे होते? काही जन्मजात, काही बालपणातले. मेंदूतल्या भीतीच्या आणि दुसऱ्याची वेदना जाणवण्याच्या यंत्रणेत फरक असतो असे संशोधन सांगते. मी त्यात खोल जात नाही, माझा तो अधिकार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिका-कॅनडाचे झाले, आपला काय संबंध? तर दोन उदाहरणे सांगतो.

चार्ल्स शोभराज हे नाव माझ्या वयाच्या लोकांना ठाऊक आहे. आई व्हिएतनामी, बाप भारतीय, जन्म १९४४ चा. आशियात फिरायला आलेल्या गोऱ्या तरुण प्रवाशांशी तो दोस्ती करायचा. दिसायला देखणा, चार-पाच भाषा येणारा, मदतीला तत्पर. बँकॉकमध्ये त्याची एक रीत होती. पाहुण्याला गुपचूप औषध घालून आजारी पाडायचे आणि मग स्वतःच त्याची शुश्रूषा करायची. अंथरुणावर पडलेला माणूस म्हणायचा, परक्या मुलखात हा देवमाणूस भेटला! १९७६ साली दिल्लीच्या हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाला त्याने पोट बिघडू नये म्हणून गोळ्या दिल्या आणि ते धडाधड बेशुद्ध पडले, तेव्हा तो पकडला गेला. तिहार तुरुंगात असताना १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाचे निमित्त करून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खाऊ घातली आणि दरवाज्यातून चालत बाहेर पडला. ६ एप्रिलला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला धरले. याच झेंड्यांनी त्याला १९७१ सालीही मुंबईत पकडले होते. पहारेकरी काही दूधखुळे नव्हते. रोज गुन्हेगार पाहणारी माणसे होती ती. तीसुद्धा मिठाई खाऊन बसली. पुढे २००४ साली नेपाळमध्ये १९७५ च्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सुटला.

हा झाला मोठ्या हॉटेलातला. आता दुसरा पाहा, तो आपल्यासारख्याच घरांत शिरला. गोव्यात फोंडा तालुक्यात शिरोडा गावचा महानंद नाईक. साधा माणूस, रिक्षा चालवणारा, स्वतः लग्न झालेला. २००९ साली पोलिसांनी त्याला पकडले तेव्हा १९९४ पासूनच्या १६ तरुणींच्या खुनांचे आरोप त्याच्यावर आले. १५ वर्षे! एवढी वर्षे तो गावात राहत होता, बाजारात जात होता. त्याची रीत काय? गरीब घरातली, लग्नाचे वय उलटत चाललेली, हुंड्याच्या काळजीने मन खचलेली मुलगी हेरायची. खोटे नाव, खोटी सांपत्तिक स्थिती सांगायची. तुझ्याशी लग्न करतो, हुंडा नको म्हणायचे. आणि मग एक दिवस सांगायचे की माझ्या घरच्यांना भेटायला चल, अंगावर दागिने घालून ये, कोणाला सांगू नकोस. निर्जन जागी नेऊन तिच्याच दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि दागिने घेऊन जायचे. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली. बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला.

पुरावा का नव्हता, यावर मी पुष्कळ विचार केला. मुलगी घरून गेली, परत आली नाही. घरच्यांना वाटले पळून गेली असेल, कुठेतरी संसार करत असेल. गावात बोभाटा नको म्हणून कोणी गप्प बसले. कोणी चौकीत गेले तर गरिबाच्या मुलीच्या बेपत्ता होण्याची नोंद होऊन कागद तिथेच राहिला. एका घराची लाज दुसऱ्या घराला कळली नाही. त्या १६ घरांतल्या पहिल्या दोन घरांनी मोठ्याने आरडाओरड केली असती आणि ती कोणी ऐकली असती, तर पुढच्या मुली वाचल्या असत्या की नाही? मला वाटते वाचल्या असत्या. त्या माणसाच्या गोड जिभेला आपल्या लाजेची साथ मिळाली म्हणून तो १५ वर्षे चालला.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला त्रास होतो. पण आजच्या दिवशी याच जागी सांगितले पाहिजे, कारण ते याच जागी घडले.

२०१७ चा वर्षावास. आपल्याकडे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालू होते. मी तेव्हा वाचनाची जबाबदारी सांभाळत होतो. एक गृहस्थ येऊ लागले. नाव सांगत नाही, आणि जे सांगायचे तेही त्याचे खरे नाव नव्हते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, त्रिसरण-पंचशील एकदम शुद्ध उच्चारात. एक दिवस माझा घसा बसला होता, तर म्हणाले, दादा द्या, मी वाचतो. असे वाचले की बायांच्या डोळ्यांत पाणी आले. पहिले पंधरा दिवस त्यांनी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. फक्त विचारायचे. या मुलाचे बी.ए. झाले का? घरी किती बांध्या आहेत? मोठ्या भावाशी बोलणे का नाही? आम्हाला वाटे, किती आपुलकी! शहरातला शिकलेला माणूस आपल्या चिचगडच्या मातीतल्या माणसांची नावे पाठ करतो!

मग एका रात्री वस्तीतल्या एका पोराला जबर ताप चढला. गाडी मिळेना. या गृहस्थाने पावसात मोटारसायकल काढली, पोराला मध्ये बसवून देवरीला नेले, रात्रभर दवाखान्यात बसला, बिलही दिले. ताप खरा होता. मदतही खरी होती, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या रात्रीनंतर वस्तीत त्याच्याविषयी कोणी शंका काढू शकत नव्हते. शोभराजची गोष्ट मी फार उशिरा वाचली. वाचली तेव्हा मला तो मोटारसायकलचा दिवा आठवला.

महिन्याभराने मी याच पायरीवर उभे राहून, सर्वांसमोर, त्याची ओळख करून दिली. 'हे आपल्या समाजाचे भूषण आहेत' असे शब्द मी वापरले. माझ्या तोंडचे शब्द आहेत, मी ते परत घेऊ शकत नाही.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. एका खात्यात मोठ्या साहेबाशी त्याचा घरोबा होता म्हणे. शिपायाच्या, पहारेकऱ्याच्या जागा निघणार. प्रत्येकाला वेगळे बोलावून सांगायचा, जागा मोजक्या आहेत, दुसऱ्याला कळू देऊ नका, जळतील. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन घरांनी पैसे दिले आणि एकमेकांना सांगितले नाही. ११ घरे. कोणी चाळीस हजार, कोणी दोन लाख. एका विधवा बाईने बोडीखालच्या दोन बांध्या विकल्या. धानाच्या पट्ट्यात बांधी विकणे म्हणजे काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. तिने पैसे देण्याआधी मला विचारले होते, 'भाऊ, मानूस बराबर आहे ना गा?' मी म्हणालो, बिनधास्त दे.

पोरांच्या हातात नेमणूकपत्रे आली. गोल शिक्का, सही, सगळे. एका पोराने ते पत्र काचेत बसवून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावले. त्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता. आम्ही कोणी पाहिलाच नाही. आणि तोपर्यंत तो गेला होता.

सायकोपॅथ होता का तो? मी डॉक्टर नाही, आणि तुम्हीही नाही. हेअर यांची मोजपट्टी लावायला प्रशिक्षण घ्यावे लागते, माणसाची जुनी कागदपत्रे तपासावी लागतात. घरबसल्या नवऱ्याला, सुनेला, सरपंचाला हे लेबल चिकटवणे म्हणजे नव्या शब्दात तेच डाकीण ठरवणे झाले. तो साधा पैशाचा लोभी ठगही असेल. मी फक्त एवढे सांगतो. दोन वर्षांनी तो दुसऱ्या जिल्ह्यात पकडला गेला आणि ओळख पटवायला मला नेले. मला वाटले, खाली मान घालेल. त्याने मला पाहिले आणि प्रसन्न हसून म्हणाला, 'दादा, घसा कसा आहे आता?' मी तिथे भिंतीला धरून उभा राहिलो. पैसे कोणाला मिळाले नाहीत. आमच्याआधी त्याने आणखी दोन गावांत हेच केले होते, असे तिथे समजले. त्या गावांनी लाजेपायी तक्रार केली नव्हती.

आता मी स्वतःला विचारतो ते तुमच्यापुढे ठेवतो. आपण का फसलो? आपण अडाणी म्हणून? नाही. जे शिकलेले होते तेच आधी फसले. मी धरून. माझ्या मते कारण वेगळे आहे. आपल्या आजापणजाला चांगले कपडे घालायची, ताठ उभे राहून शुद्ध बोलायची मोकळीक नव्हती. म्हणून आपल्यातला कोणी कोटात उभा राहिला, अस्खलित बोलला, की आपली छाती भरून येते. त्या कोटात आपल्याला बाबासाहेब दिसतात. यात वाईट काही नाही, पण हे ठगाला ठाऊक असते. तो आपल्या अभिमानाचा दरवाजा उघडा पाहून आत येतो. बाबासाहेबांनी स्वतः २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. आपण तो इशारा फक्त दिल्लीसाठी होता असे समजलो. तो आपल्या ओट्यावरही लागू होता.

आणि तथागतांनी तर हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. संयुक्त निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीला पूर्वाराम विहारात भगवंत संध्याकाळी बाहेर बसलेले आहेत, राजा पसेनदी जवळ बसला आहे. तेवढ्यात जटाधारी, निगंठ, नग्न साधू, एकवस्त्री, परिव्राजक असे सात-सात जण जवळून जातात. राजा उठतो, उपरणे सावरतो, गुडघा टेकून त्यांना हात जोडतो, आणि परत येऊन विचारतो, भगवान, जगात जे अर्हत आहेत त्यांतले हे आहेत ना? भगवंत हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. ते म्हणतात, महाराज, तुम्ही संसारी, तुम्हाला हे ओळखणे कठीण. माणसाचे शील सोबत राहून कळते, आणि तेही लवकर नाही, पुष्कळ काळाने, लक्ष देणाऱ्याला, विचार करणाऱ्याला. त्याचा प्रामाणिकपणा व्यवहारात कळतो. संकटात त्याचे बळ कळते. आणि शहाणपण चर्चेत कळते. तेव्हा राजा कबूल करतो की भगवान, ते माझेच हेर आहेत. मुलूख पाहून येतात, मग राख-माती धुवून, दाढी करून, चांगले कपडे घालून चैन करतात. म्हणजे राजाला माहीत असूनही तो हात जोडत होता! भगवंतांची परीक्षा पाहत होता म्हणा, की सवय म्हणा.

यात मला महत्त्वाचे शब्द दोन वाटतात. 'पुष्कळ काळाने' आणि 'लक्ष देणाऱ्याला'. आम्ही दोन महिन्यांत निकाल दिला, आणि लक्ष कोणी दिले नाही. नाही, चुकलो. एकीने दिले होते.

आपल्या वस्तीतली एक म्हातारी उपासिका, आज ती हयात नाही. पौर्णिमेला खीरदान झाले, आम्ही भांडी घासत होतो. एक लेकरू ओट्यावरून पडले. या गृहस्थाने धावत जाऊन उचलले, पुसले, खाऊ दिला. म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, 'बापू, हा मानूस लेकरू पडलं त आगुदर कोन पायते ते पायते, मंग लेकराले उचलते.' मी म्हणालो, आजी, तुम्हाला काही कळत नाही, उगीच भल्या माणसाला नावे ठेवू नका. ती गप्प बसली. पुस्तके वाचून आलेल्या माझ्यासारख्याने तिला गप्प बसवले. क्लेक्लीला जे लिहायला एक जाड पुस्तक लागले ते तिने एका वाक्यात सांगितले होते.

राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश केला. त्यात मित्राच्या रूपातले चार शत्रू सांगितले आहेत. फक्त घेणारा, फक्त बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा, आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. स्तुती करणारा तर वाईट गोष्टीलाही हो म्हणतो आणि चांगल्या गोष्टीलाही हो म्हणतो, समोर गोडवे गातो, पाठीमागे निंदा करतो. आमच्या त्या गृहस्थाने दोन महिन्यांत एकदाही कोणाच्या मताला विरोध केला नव्हता. ग्रामसभेतल्या दोन्ही गटांना तो आपला वाटत होता. हे तेव्हा खटकायला पाहिजे होते.

मिलमध्ये धानाचे पोते आले की आम्ही वरचा दाणा पाहून भाव करत नाही. वरचे धान उन्हात वाळवलेले, सोन्यासारखे असते. टोकदार नळी पोत्याच्या मधोमध खुपसतो, आतला दाणा बाहेर काढतो आणि दाताखाली धरतो. कट्‌ वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. शेतकरी रागावत नाही, त्यालाही माहीत आहे की हा रिवाज आहे. मग माणसाच्या बाबतीत विचारपूस केली तर अपमान का वाटावा? जो खरा आहे तो म्हणतो, विचारा. जो खोटा आहे तो म्हणतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?' आणि आपणच शरमतो.

मुलगी द्यायची असेल तर पाहुण्यांच्या बैठकीत कळत नाही. पोरगा नोकरीला आहे त्या ठिकाणच्या शिपायाला, हमालाला विचारा. गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा. ज्याच्यापासून काही फायदा नाही अशा माणसाशी तो कसा वागतो ते पाहा. पूर्वी ज्यांच्याशी त्याचे संबंध होते ते लोक आज कुठे आहेत ते पाहा. ज्याच्या मागे तुटलेल्या मैत्रीची रांग आहे आणि प्रत्येक वेळी दोष समोरच्याचाच होता असे जो सांगतो, त्याच्याबाबत थांबा. पॉल बाबियाक आणि हेअर यांनी २००६ साली कचेऱ्यांतल्या अशा माणसांवर पुस्तक लिहिले. त्यांनी सांगितले की हा माणूस आधी जोखतो, मग वापरतो, मग टाकून देतो. टाकलेली माणसे शोधली की त्याची खरी ओळख सापडते.

भगिनींना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. काही घरांत हा मुखवटा रोज संध्याकाळी उतरतो. बाहेर तो पुरुष सर्वांना 'माउली, ताई' म्हणतो, मयतीला पहिला हजर, वर्गणी पहिली त्याची. घरात दार लावले की बायकोच्या अंगावर वळ. ती सांगायला गेली तर सगळे म्हणतात, छे, तो असा नाही. तिची आईसुद्धा म्हणते. पाच वर्षांनी तिलाच वाटू लागते की आपलेच डोके बिघडले. अशा बाईवर पहिल्यांदा विश्वास ठेवा, चौकशी नंतर करा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्यात मारहाणच नव्हे तर मानसिक छळ आणि पैशाची कोंडीसुद्धा येते. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विचारा. मी सोबत येईन.

मागच्या महिन्यात एका तरुणाने मला प्रश्न केला की काका, अंगुलिमाल सुधारला, मग हे लोक का सुधारणार नाहीत? चांगला प्रश्न आहे. पण अंगुलिमाल लपला नव्हता. आणि भिक्खू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी दगड मारले, डोके फुटले, चीवर फाटले, तरी तो ते सोसत राहिला, कारण आपण काय केले याची त्याला जाणीव होती. ज्याला ती जाणीवच होत नाही त्याला सुधारणे फार कठीण, असे जाणकार सांगतात. लहान वयात, बापाच्या माराऐवजी माया आणि शिस्त दोन्ही मिळाली तर काही फरक पडतो असेही सांगतात. करुणा अशा माणसाबद्दलही ठेवावी. पण विहाराच्या तिजोरीची किल्ली देऊन करुणा करता येत नाही. देवदत्ताच्या हातीही भगवंतांनी संघ दिला नाही.

त्या घटनेनंतर आपण विहारात काय केले ते नव्या पिढीला सांगून ठेवतो. पावतीशिवाय वर्गणी नाही. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या, त्यातली एक बाईची. दर पौर्णिमेला जमाखर्च मोठ्याने वाचायचा. आणि ज्याला आपण एक वर्ष ओळखत नाही त्याची या पायरीवरून कोणी ओळख करून द्यायची नाही. हा शेवटचा नियम माझ्यामुळे झाला. काही जण म्हणतात, हा फार कडक आहे, पाहुण्यांचा अपमान होतो. होऊ द्या.

ज्या बाईने बांध्या विकल्या तिचा मुलगा आज माझ्यासोबत मिलमध्ये पोती उचलतो. बी.ए. झालेला आहे. तो माझ्याशी नीट बोलतो, कधी त्या गोष्टीचा उल्लेख करत नाही. दुपारी डबा सोडताना मला पहिल्यांदा विचारतो, काका, जेवलात का. मला घास उतरत नाही.

आता शेवटची सूचना. दिवाळीपासून आपल्या भागात पुन्हा कोणीतरी मोबाईलवर नेमणूकपत्रे पाठवीत आहे, असे माझ्या कानावर आले आहे. तीन घरांनी तरी 'प्रोसेसिंग'चे पैसे भरले आहेत, पण कोणी उघड बोलत नाही. कार्यक्रम संपल्यावर, भोजनदानाच्या वेळी, मी मागच्या ओट्यावर बसून राहणार आहे. ज्यांच्याकडे असे पत्र आले असेल त्यांनी ते घेऊन यावे. पैसे भरले असतील तरी यावे, विशेषतः त्यांनी यावे. मी कोणाला काही बोलणार नाही. उद्या सकाळी आठच्या गाडीने मी ती पत्रे घेऊन देवरीला जाणार आहे, त्या खात्याच्या कचेरीत जावक रजिस्टर पाहायला. कोणाला सोबत यायचे असेल तर गाडीत जागा आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.